मँचेस्टरचा उष्टा धागा

आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. मास्तर वर्गात म्हणतात, पुढारी भाषणात म्हणतात, शेठ लोक तर छाती फुगवून म्हणतात. मी त्याच मँचेस्टरात रात्रपाळीला मागावर उभा असतो. कानात खडखड, नाकात कापसाची धूळ, मजुरी पिकावर. आधी सूतगिरणीत होतो, ती सुटली तसा मागावर आलो. एका रात्री डोक्यात आलं, की ज्या गावाचं नाव आमच्या गावाच्या कपाळावर चिकटवलंय ते मूळ गाव तरी कसलं? तिथला कामगार कसा जगला? आणि शेवटी त्या गावाचं झालं काय? जॉबरला विचारलं तर म्हणाला, "लेका, तिकडं चार नंबरला धागा तुटलाय, तो बघ आधी."

मग मीच वाचत गेलो. वाचनालयातली पुस्तकं वाचली, मित्राच्या मोबाईलवरचं इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन फोडलं. मी दहावी नापास माणूस. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण प्राध्यापकांनी हे आमच्यासाठी लिहिलं असतं तर मला लिहावं लागलं नसतं. तेव्हा दोस्तहो, हे माझ्या वाचनाचा हिशेब म्हणून घ्या.

मँचेस्टर इंग्लंडच्या वायव्येला, अर्वेल नदीच्या काठावर. अर्क आणि मेडलॉक या दोन छोट्या नद्या तिथंच तिला मिळतात. नदीच्या पलीकडच्या काठाला सॅलफर्ड. हवा ओलसर, म्हणून सूत काढताना धागा कमी तुटतो. पाणी मऊ, रंगाईला बरं. जवळ वर्स्लीला कोळशाच्या खाणी. १७६१ साली तिथून मँचेस्टरपर्यंत कालवा झाला, होड्यांतून कोळसा यायला लागला आणि त्याची किंमत निम्म्यावर आली. तिकडे लिव्हरपूलचं बंदर पन्नासएक किलोमीटरवर. पाणी, कोळसा आणि बंदर इतकं सगळं जवळजवळ असल्यावर भांडवलदार काय गप्प बसतो? १७८० नंतर वाफेच्या इंजिनाच्या गिरण्या उठायला लागल्या. अँकोट्स नावाच्या भागात सात-सात, आठ-आठ मजल्यांच्या गिरण्या कालव्याच्या काठानं उभ्या राहिल्या. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास वस्ती असलेलं गाव १८५१ साली तीन लाखांवर गेलं. १८५३ साली तिथं १०८ गिरण्या होत्या. लोक त्याला कापूसनगरी म्हणायचे. नंतर कताई-विणाई आजूबाजूच्या गावांत पसरली. ओल्डहॅमला सूत, बर्नली-ब्लॅकबर्नला माग. मँचेस्टरात उरले सौदे, गोदामं आणि बँका. पण नाव सगळ्या मुलखाला मँचेस्टरचंच.

ही झाली शाळेच्या पुस्तकातली चढती कमान. आता त्या कमानीखाली कोण गाडलं गेलं ते बघू.

१८४२ साली चॅडविक नावाच्या सरकारी माणसानं इंग्लंडातल्या कष्टकऱ्यांच्या आरोग्याचा अहवाल काढला. त्यात मँचेस्टरातले मृत्यू मोजले आहेत. वरच्या थरातला माणूस सरासरी ३८ व्या वर्षी मरतो आणि मजूर वर्गातला १७ व्या वर्षी. सतरा! म्हंजे सगळे सतराव्या वर्षी मरत होते असं नाही. कामगाराची पोरं पाळण्यातच इतकी मरायची की सरासरी तिथं यायची. मी हा आकडा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि बाहेर जाऊन बिडी ओढली.

त्याच १८४२ साली जर्मनीतून बावीस वर्षांचा एक पोरगा मँचेस्टरला आला. फ्रेडरिक एंगल्स. बाप गिरणीचा भागीदार, पोराला धंदा शिकायला पाठवलेलं. पोरगा दिवसा कचेरीत बसायचा आणि एरवी कामगारांच्या गल्ल्या तुडवायचा. मेरी बर्न्स नावाच्या आयरिश कष्टकरी बाईनं त्याला या वस्त्यांची वाट दाखवली असं सांगतात. आपल्याकडे मार्क्स-एंगल्सची नावं घेणारे खूप, मेरी बर्न्सचं नाव मी कुणाच्या भाषणात ऐकलं नाही. १८४५ साली एंगल्सचं इंग्लंडच्या कामगारांवरचं पुस्तक आलं. त्यात अर्क नदीचं वर्णन आहे. काळं पाणी, काठावर घाण साचलेली, चामडं कमावण्याचे आणि रंगाईचे कारखाने आपापली घाण तिच्यात सोडतात, आणि त्या वासात कामगारांची घरं एकाला एक खेटून. मेडलॉकच्या एका वळणावर आयरिश मजुरांची वस्ती होती, तिला लिटल आयर्लंड म्हणायचे. खोलगट जागा, तिथं पुराचं पाणी पहिलं शिरणार. गावात आयरिश म्हंजे घाणेरडे, दारुडे, कमी मजुरीत राबणारे. इंग्रज कामगारसुद्धा त्यांना नाकं मुरडायचा. आता मला सांगा, नदीच्या वळणावर, खोलगट जागी, कमावलेल्या चामड्याच्या वासात कुणाची वस्ती असते हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला हवं का?

पण अजून खाली जावं लागतं. कारण कापूस काही मँचेस्टरात पिकत नव्हता. तो अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. १७९३ साली तिथं सरकी काढायचं यंत्र निघालं आणि कापसाचे मळे माजले. मळ्यात राबणारे काळे गुलाम. १८६० साली अमेरिकेत चाळीस लाखांच्या आसपास गुलाम होते. इंग्लंडनं १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ साली आपल्या वसाहतींतल्या गुलामीविरुद्ध कायदा केला. त्याचे पोवाडे त्यांच्या इतिहासात भरपूर. पण त्याच इंग्लंडच्या गिरण्यांत जाणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस १८६० पर्यंत गुलामांच्या हातचा होता. हात त्यांनी धुतले, कापूस सोडला नाही.

इकडे आपल्या बाजूला काय चाललं होतं? मँचेस्टरचं स्वस्त कापड जहाजं भरभरून हिंदुस्थानात येत होतं आणि हातमाग बसत होते. हे आपण शाळेत शिकतो. पण विणकर म्हणजे कोण, हे शिकवत नाहीत. नागपूर-भंडाऱ्याकडे महार माणूस जाडंभरडं कापड विणायचा. तो त्याचा धंदा होता. त्याच्या हातातला धागा मँचेस्टरनं काढून घेतला. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मँचेस्टरचा कामगार मुकाट मरत होता असंही नाही. १६ ऑगस्ट १८१९ ला सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या जागेत साठ हजारांच्या आसपास माणसं जमली. बायका, पोरं, रविवारचे ठेवणीतले कपडे घालून आलेली. मागणी काय, तर मताचा हक्क. त्यांच्या अंगावर घोडेस्वार घातले. पंधराहून जास्त माणसं मेली, शेकड्यांनी जखमी. चार वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई झाली होती, म्हणून लोकांनी या कत्तलीला पीटर्लू नाव दिलं.

त्याच जागेवर नंतर व्यापाऱ्यांनी एक मोठं सभागृह बांधलं, फ्री ट्रेड हॉल. आणि मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती त्या हॉलात घडली.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. कापूस यायचा बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. १८६२ च्या हिवाळ्यात या मुलखातली सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या तुकड्यावर जगत होती. घरातली भांडी, अंथरुणं गहाण पडली. मालक, व्यापारी, वर्तमानपत्रं यांतले कितीतरी म्हणत होते, की इंग्लंडनं दक्षिणेच्या बाजूनं उतरावं, कोंडी फोडावी, कापूस आणावा. उपाशी कामगाराला हे पटायला किती वेळ लागतो? पोटात आग असताना कोण दूरदेशीच्या गुलामाचा विचार करतो?

पण ३१ डिसेंबर १८६२ ला फ्री ट्रेड हॉलात कामगारांची सभा भरली. दुसऱ्या दिवसापासून लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता. सभेनं लिंकनला पत्र धाडलं, की आम्ही तुमच्या बाजूनं आहोत, गुलामी नष्ट करा. १९ जानेवारी १८६३ ला लिंकननं मँचेस्टरच्या कामगारांना उत्तर लिहिलं. तुम्ही काय सोसताय ते मी जाणतो, असं त्यानं कळवलं आणि त्यांच्या वागण्याला वीरपणा म्हटलं. फेब्रुवारीत जॉर्ज ग्रिसवोल्ड नावाचं जहाज अमेरिकेतून अन्नधान्य घेऊन लिव्हरपूलला लागलं. आज मँचेस्टरात लिंकनचा पुतळा आहे आणि त्याच्याखाली त्या पत्रातला मजकूर कोरलेला आहे.

खोटं सांगायचं नाही. सगळं लँकेशायर असं नव्हतं. लिव्हरपूलला दक्षिणेचे पाठीराखे भरपूर होते, काही गिरणीगावांतले कामगारही त्या बाजूला झुकले. सगळे उपाशी साधुसंत झाले असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की उपाशी माणसांची एक मोठी सभा उठली आणि म्हणाली, आमच्या भाकरीसाठी त्या काळ्या माणसाच्या पायात बेडी नको. त्या काळ्या माणसाला त्यांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

त्याच कापूस दुष्काळात मुंबई गब्बर झाली. अमेरिकन कापूस नाही म्हटल्यावर मँचेस्टरनं इकडं तोंड वळवलं. हिंदी कापसाला तिकडे सरसकट सुरती म्हणायचे. आखूड धाग्याचा, कचरा असलेला. सारखा तुटायचा, मग कामगाराची मजुरी बुडायची. देवा, कापूस दे पण सुरती नको, अशी विनवणी तिथले कामगार करायचे असं सांगतात. पण त्या सुरतीच्या पैशानं मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ ला लढाई संपताच सगळा फुगा फुटला. पहिली कापड गिरणी मुंबईत १८५४ साली काढली गेली होती, पण खरा गिरणगाव या तेजीनंतरच्या वर्षांत उभा राहिला. यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीची. म्हंजे मँचेस्टरनंच आपली सवत घडवून जहाजात घालून पाठवली.

आमचा आज्जा १९५५ साली मुंबईला गेला. गावात महारकी होती, ती टाकून गेला. परळकडच्या एका गिरणीत साचेखात्यात लागला. साचा म्हंजे सूत कातायचं यंत्र. सत्तावीस वर्षं साच्यावर काढली. मी त्याला एकदा विचारलं, "आज्जा, मागावर पगार जास्त होता म्हणतोस, मग तू मागखात्यात का नाही गेलास?" म्हातारा हसला. म्हणाला, "पोरा, तिथं धागा तोंडानं ओढाय लागतो."

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताची कांडी धोट्यात बसवतात. धोट्याला बारीक भोक असतं, त्यातून सुताचं टोक बाहेर काढावं लागतं. झटपट काढायचं तर भोकाला तोंड लावून ओढायचं. कांडी संपली, दुसरी घातली, पुन्हा तोंड. दिवसात शेकडो वेळा. एका पाळीचा माणूस गेला की दुसरा येतो आणि त्याच धोट्याला तोंड लावतो. म्हणून महाराच्या उष्ट्या धोट्याला तोंड कोण लावणार? बस्स. एवढ्या एका गोष्टीवर मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं मागखातं आपल्या माणसांना बंद होतं. मालकानं पाटी लावली नव्हती. शेजारी उभा राहणारा, त्याच चाळीच्या गर्दीत झोपणारा, त्याच संपात लाठी खाणारा कामगारच आपल्याला आत येऊ देत नव्हता.

१९२८ साली मुंबईत दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. लाल बावट्याचा मोठा संप. बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना रोखठोक विचारलं, की अस्पृश्य कामगाराला मागखातं मोकळं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? नाखुशीनं ती मागणी घेतली गेली. पुढं फॉसेट समितीपुढे ती आली तेव्हा असं उत्तर मिळालं, की हा अन्याय असलाच तर तो मालकांच्या दारात टाकता येत नाही. मालक हसले असतील. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेब म्हणाले, की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. काही कॉम्रेड मंडळींना यातला पहिला शत्रू आजही दिसत नाही. त्यांनी धोट्याच्या भोकातून बघावं.

आता गंमत बघा. धोटा तोंडानं ओढण्याची ही रीत आली कुठून? लँकेशायरातूनच, मागाच्या बरोबर. तिथं त्याला धोट्याचा मुका घेणं म्हणायचे. तिथंही एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा. त्यातून रोग पसरतो, तेल आणि कापसाची धूळ पोटात जाते, दात जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली ही रीत बंद केली, लँकेशायरात बंदी यायला १९५२ साल उजाडलं. म्हंजे एकच धोटा. तिथल्या कामगाराला त्यात क्षय दिसला. आमच्या कामगाराला त्यात महार दिसला. उष्ट्यानं खरोखर मरण येत होतं ते सगळ्यांनाच, पण इथं त्याची भीती नव्हती, विटाळाची होती. क्षय झाला तरी चालेल पण सवर्णाच्या थुंकीचा व्हावा!

आणि ज्याच्या हातातून मँचेस्टरनं माग काढून घेतला तो नागपूरकडचा महार विणकर आठवतो ना? पिढ्यान् पिढ्या त्यानं विणलेलं कापड लोकांनी अंगावर घातलं. पण गिरणीत आपल्या माणसाला सांगितलं गेलं, धाग्याला तोंड लावू नको.

आता मँचेस्टरची उतरती कळा. १९१३ साली लँकेशायरनं सुमारे सातशे कोटी यार्ड कापड परदेशी पाठवलं. त्यातलं तीनशे कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. हा कळस. हा कळस टिकावा म्हणून किती खटपट! लँकेशायरच्या दडपणानं इथली आयातजकात काढली होती. पुढं जकात बसवावी लागली तर तिच्या बरोबरीनं इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला, तो १९२५ पर्यंत चालला. पण पहिल्या महायुद्धात जहाजं अडली, इथल्या गिरण्यांनी बाजार धरला, मग जपान उतरला, मग स्वदेशी आणि बहिष्कार. १९३१ च्या सप्टेंबरात गांधी लँकेशायरात डार्वेनला बेकार कामगारांना भेटले. त्या कामगारांनी त्यांचं हसून स्वागत केलं. तिथले मालक मात्र आजोबांच्या काळच्या यंत्रांना चिकटून बसले. १९३८ पर्यंत निर्यात १९१३ च्या पाचव्या हिश्श्यावर आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर थोडी धुगधुगी आली, पण १९५८ साली कापडाचं माहेरघर बाहेरून जास्त कापड विकत घ्यायला लागलं. १९५९ साली सरकारनं कायदा करून चाती आणि माग मोडायला मालकांना पैसे दिले. यंत्र मोडलं तर मालकाला भरपाई. कामगार मोडला त्याला काय? उरलेल्या गिरण्या रात्रंदिवस चालवायच्या तर रात्रपाळीला गोरा माणूस मिळेना. मग पाकिस्तानातून, सिल्हेटकडून, गुजरातेतून माणसं आणली. ज्यांच्या बापजाद्यांचे हातमाग मँचेस्टरनं बसवले, त्यांचीच नातवंडं मँचेस्टरच्या मरत्या गिरणीच्या रात्रपाळीला उभी राहिली. गिरणी मिटली तेव्हा तीच पहिली रस्त्यावर आली.

मँचेस्टरात रॉयल एक्स्चेंज म्हणून कापसाच्या सौद्याचा प्रचंड मोठा हॉल होता. ३१ डिसेंबर १९६८ ला तिथला व्यवहार कायमचा बंद झाला. १९७६ पासून तिथं नाटकं होतात. पण शेवटच्या दिवसाचे भाव फळ्यावर तसेच ठेवलेत. १८९४ साली अर्वेल आणि मर्सी या नद्या खोदून समुद्रापासून मँचेस्टरपर्यंत जहाजांचा कालवा केला होता. त्याच्या सॅलफर्डच्या गोद्या १९८२ साली बंद झाल्या. आणि १९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईत गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. आज्जा त्या संपातून परत आला तो कायमचा. गिरणीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही.

१९३१ साली मँचेस्टरात साडेसात लाखांवर माणसं होती, २००१ साली चार लाखांच्या आसपास उरली. मग गाव पुन्हा सजलं. अँकोट्सच्या गिरण्यांत आता महागडे फ्लॅट आहेत. गोद्यांच्या जागी टेलिव्हिजनचे स्टुडिओ आले. फ्री ट्रेड हॉलात हॉटेल आहे. १९८५ पासून नद्या साफ करायची मोहीम चालली आणि अर्वेलमध्ये मासे परतले. नदीला पुन्हा श्वास मिळाला तो गिरण्या मेल्यावर. परळ-लालबागला काय झालं ते आपण पाहतोच. चिमण्यांच्या जागी टॉवर आलेत. तिथं मासेही परतले नाहीत आणि माणसंही.

आता आमचं मँचेस्टर. इथं पंचगंगा आहे. २०१२ साली तिच्या घाण पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं मेली. साधे माग आता भंगारात किलोवर जातात. खर्चीवाले मोडलेत, कामगार आठवड्याच्या उचलीवर जगतो. मी मागावर लागलो त्या दिवशी जॉबरनं धोटा हातात दिला आणि म्हणाला, "वढ तोंडानं." मी ओढला. तेलकट, खारट चव. पुढच्या पाळीच्या माणसानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं धोटा लुंगीला पुसला. मग पुन्हा पुसला. मग तोंड लावलं. कांड्या संपत होत्या, मजुरी बुडत होती, न लावून सांगतो कुणाला? आज्ज्याला हे सांगितलं तर म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुसून का व्हईना, लावलं न्हवं?" त्याला ते पुरेसं वाटलं. मला वाटत नाही.

मँचेस्टर चढलं, मँचेस्टर बुडालं. इचलकरंजीही एक दिवस बुडेल, यंत्रांची गावं अशीच जातात. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझा सवाल माझ्या बरोबरच्या कामगाराला आहे. तिकडच्या उपाशी माणसांनी समुद्रापलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या गुलामाची बाजू घेतली. तू मात्र माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असताना धोटा दोनदा पुसतोस. मग तुझ्या-माझ्या एकजुटीच्या घोषणा मी कुठल्या तोंडानं द्यायच्या?

आणि एक काम आपल्यासाठी. ज्यांचे बाप, आज्जे गिरणीत होते त्यांनी त्यांना विचारा, कुठल्या खात्यात होता? मागखात्यात का नव्हता? पिण्याच्या पाण्याचा माठ कुठं होता? लिहून काढा आणि या पानांसाठी पाठवा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. म्हातारी माणसं चालली आहेत. मँचेस्टरनं शेवटच्या दिवसाचे भाव तरी फळ्यावर ठेवले. आपल्या माणसांची किंमत कुठल्याच फळ्यावर लिहिलेली नाही, ती आपल्यालाच लिहावी लागेल.

जय भीम.